ओझोन कोणी खाल्ला?

१

दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी ओझोन चोरीला गेला. भर उन्हात, ऑफिसच्या कंपाउंडच्या आतून, कुठलंही कुलूप न तोडता. बरं, एकदाच गेला असता तर कोणी फारसं मनावर घेतलं नसतं. पण सोमवारी गेला, मंगळवारी गेला, गुरुवारी आणि शुक्रवारीही गेला, आणि रोज अडीचच्या सुमाराला निमूटपणे परत आला. चोरलेला माल वेळेवर जागच्या जागी आणून ठेवणारा चोर चौकशीबाईंनी एकतीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नव्हता.

चौकशीबाई म्हणजे त्या हवा-कार्यालयाचा अख्खा दक्षता विभाग. एक टेबल, एक कपाट आणि त्या स्वतः. आजवर त्यांनी सोळा खुर्च्या, दोन पंखे आणि एक शिडी शोधून काढली होती. शिडीच्या प्रकरणाचं तर ऑफिसात अजूनही नाव निघायचं. पण हवेतून हवा गेली ती शोधा म्हणजे अतीच झालं.

गुरुवारी सकाळी साहेबांनी त्यांना कॅबिनमध्ये बोलावलं. कॅबिन काचेची. कारभार पारदर्शक हवा, म्हणून सहा महिन्यांपूर्वी साहेबांनीच भिंती पाडून काचा बसवून घेतल्या होत्या. तेव्हापासून त्यांनी नुसती जांभई दिली तरी सगळ्या मजल्याला कळायचं.

"ओझोन माहीत आहे ना तुम्हाला?" साहेबांनी विचारलं.

"तो वर आकाशात असतो तोच ना? उन्हापासून वाचवणारा?"

"वरचा चांगला. हा खालचा, हा वाईट. छातीत जातो, खोकला काढतो, पिकं करपवतो."

"मग गेला तर बरंच झालं की, साहेब."

साहेबांनी एक सुस्कारा सोडला आणि टेबलावर कागद पसरला. कागदावर दोन रेघा. लाल रेघ कॉम्प्युटरच्या मॉडेलची. ती म्हणत होती, दुपारी दीड वाजता हवेच्या एक अब्ज भागांत ओझोनचे ऐंशी भाग. निळी रेघ ऑफिसच्या मागच्या अंगणातल्या यंत्राची. ती एक वाजेपर्यंत लालच्या गळ्यात गळा घालून चढत होती आणि एक दहाला धाडकन पाचावर आपटत होती.

"दोन्ही खरं असू शकत नाही," साहेब म्हणाले. "आणि माझ्याकडे लेखी तक्रार आलीये की मॉडेलमध्ये घातलेले आकडे मुद्दाम फिरवलेत. उद्या चार वाजता समिती येतेय. मॉडेल कायम ठेवायचं की ते चालवणारा तुमच्या जाऊबाईंचा कक्षच बंद करायचा, ते उद्या ठरणार. आकडे फिरवल्याचं सिद्ध झालं, तर कक्ष बंद आणि तुमच्या जाऊबाई घरी."

"साहेब, ती माझी सख्खी धाकटी जाऊ आहे. हे काम मला कसं देता?"

"दक्षता विभागात दुसरं आहे कोण? आणि स्पष्ट बोलायचं तर, अख्ख्या ऑफिसला माहीत आहे. तुम्ही तिला सोडणार नाही."

हे कौतुक की अपमान, ते चौकशीबाईंना काही कळेना. मात्र काचेचं दार ओढून बाहेर पडतानाच त्यांची खात्री पटली होती. हे धाकटीचंच काम.

२

दोघी एकाच घरात राहायच्या, एकाच ओट्यावर स्वयंपाक करायच्या आणि आठ महिने एकमेकींशी बोलत नव्हत्या. भांडण खिडकीवरून. शेगडी पेटली की धाकटी म्हणणार, धूर कोंडतो, खिडकी उघडा. थोरली म्हणणार, धूळ येते, बंद ठेवा. एके दिवशी खिडकीची कडीच निखळून हातात आली आणि त्याच दिवशी बोलणंही तुटलं. तेव्हापासून निरोप नवऱ्यांमार्फत. चौघं एकाच टेबलाशी जेवायला बसलेले असायचे, आणि थोरली आपल्या नवऱ्याला म्हणायची, "तिला सांगा, भाजी संपवायची आहे." तो बिचारा मान वळवून सांगायचा.

तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत तीन पडदे, एक मोडक्या हाताची खुर्ची आणि धाकटी. चौकशीबाईंनी वही उघडली.

"आपलं नाव?"

"जाऊबाई, माझं नाव माहीत नाही तुम्हाला?"

"चौकशीत विचारावं लागतं."

धाकटीनं नाव सांगितलं. चौकशीबाईंनी ते लिहून घेतलं आणि वर आडनावही विचारलं, जे दोघींचं एकच होतं.

"आता सांग. तू इथे दिवसभर करतेस काय?"

"हवा शिजवते," धाकटी म्हणाली आणि मधल्या पडद्यावरचा रंगीत नकाशा दाखवला. "हा आपला सगळा प्रदेश. याचे चार-चार किलोमीटरचे चौकोन पाडलेत. प्रत्येक चौकोनात गाड्यांचा धूर किती, पेट्रोल-रंगासारख्या पदार्थांचे उडणारे वास किती, वारा कुठून, ऊन किती, हे सगळं मी घालते. धूर, वास आणि ऊन दोन-चार तास एकत्र शिजले की ओझोन तयार होतो. म्हणून शहरानं सकाळी सोडलेला धूर दुपारी टेकडीपलीकडच्या गावांना ओझोन होऊन भेटतो."

"म्हणजे करणार एक आणि खोकणार दुसरा."

"अगदी. भर चौकात उलट ओझोन कमी सापडतो. ताजा धूर समोर आला की ओझोन त्याला भिडतो आणि स्वतःच संपतो. म्हणून तर मोजायचं यंत्र रस्त्यापासून लांब ठेवतात. आपलं मागच्या अंगणात आहे. तिथे गाडी न्यायला बंदी आहे, तसा बोर्डच लावलाय."

चौकशीबाईंनी वहीत लिहिलं: लांब. बंदी. बोर्ड.

"पोर्चला अठरा दिवस रंग चाललाय," त्या म्हणाल्या. "डोकं उठलंय त्या वासानं. त्यानं तर ओझोन गेला नसेल?"

"रंगाच्या वासानं वाढेल एक वेळ, कमी नाही व्हायचा. तपासलं मी तेही." धाकटीचे डोळे लाल होते. "पंधरा दिवस मी माझीच चूक शोधतेय, जाऊबाई. वारा तपासला, ढग तपासले, बावीस वेळा मॉडेल पहिल्यापासून चालवलं. चूक सापडत नाही. चार वर्षं घातलीत मी यात. उद्या चार वाजता सगळं जाणार, आणि का गेलं तेही मला कळणार नाही."

चौकशीबाईंना एकदम कसंसंच झालं. त्यांनी स्वतःलाच दटावलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

"चोरी रोज होते?"

"शनिवार-रविवार नाही. आणि बुधवारी नाही. बुधवारी दोन्ही रेघा अगदी जुळतात."

"बुधवारी तू कुठे असतेस?"

"कॉलेजात शिकवायला जाते," ती म्हणाली. "बुधवारी मी ऑफिसात नसते."

३

आता एवढ्यावर दुसऱ्या कोणी अहवाल लिहून टाकला असता. धाकटी असते तेव्हा चोरी होते, धाकटी नसते तेव्हा होत नाही, संपलं. चौकशीबाईंनीही पेनाचं टोपण काढलं होतं. पण शिडीच्या प्रकरणात त्यांनी अशीच घाई केली होती आणि एका निरपराध रंगाऱ्याची माफी मागावी लागली होती. टोपण परत लावून त्या तक्रार करणाऱ्याकडे गेल्या.

तक्रार मोजणीदारानं केली होती. कोणत्या रस्त्यावरून किती गाड्या जातात ते मोजायचं, हे त्याचं काम. हातात खटक्याचं यंत्र, गाडी गेली की एक खटका.

"माझ्या गाड्या वाढवल्या त्यांनी!" तो तावातावानं म्हणाला. "मी हमरस्त्यावर तासाला नऊशे गाड्या लिहिल्या. मॉडेलच्या फाईलीत अठराशे! बघा, छापून आणलंय."

चौकशीबाईंनी पाहिलं. सातशेच्या चौदाशे. साडेतीनशेच्या सातशे. सगळीकडे बरोबर दुप्पट. चोरी करणारा माणूस इतकं नीटनेटकं काम करत नाही, हा त्यांचा अनुभव.

"तुम्ही बसता कुठे मोजायला?"

"पुलाखाली. सावली आहे, वारा आहे. माझं स्टूल कायमचं तिथेच असतं."

"तिथून काय दिसतं?"

"शहराबाहेर जाणाऱ्या गाड्या. अगदी स्पष्ट."

"आणि येणाऱ्या?"

मोजणीदार खटक्याच्या यंत्राकडे बघू लागला. "येणाऱ्या पलीकडून येतात. मधे खांब आहे. आणि बाई, पलीकडे ऊन किती असतं!"

"म्हणजे चार वर्षं या शहरातून गाड्या नुसत्या बाहेर चालल्यात. एकही परत आलेली नाही."

"तसं नाही हो…"

"मग कसं? रस्त्याला दोन बाजू असतात, म्हणून तिनं दुप्पट केल्या. खाली टीपही लिहिलीय तिनं. तुम्ही वाचली नाहीत." चौकशीबाईंनी वही मिटली. मग आठवण होऊन पुन्हा उघडली. "बुधवारी तुम्ही कुठे असता?"

मोजणीदारानं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बुधवारी मी जरा लवकर घरी जातो. यंत्रवाले नळीमास्तर तर येतच नाहीत. बुधवारी साहेब मुख्यालयात असतात ना, बाई. त्यामुळे बुधवारी तसं कोणीच नसतं."

चौकशीबाईंनी कपाळावर हात मारला. त्या एकट्याच बुधवारी इमानेइतबारे सहा वाजेपर्यंत बसत होत्या. शिवाय बुधवारचा पुरावा आता अख्ख्या ऑफिसविरुद्ध झाला होता. धाकटीवरचा आरोप तर फुसका निघाला. पण समितीला फुसक्या आरोपाशी काय देणंघेणं? त्यांना उद्या दोन रेघा दिसणार, त्या जुळणार नाहीत, आणि कक्षाला टाळं लागणार. ओझोन गेला कुठे, हे अजून कोणालाच सांगता येत नव्हतं.

४

मागच्या अंगणात पत्र्याची एक खोली होती. छपरातून वर एक नळी निघालेली, तिच्या तोंडावर टोपी. ही नळी हवा ओढायची आणि आत खोलीतली यंत्रं ती मोजायची. यंत्रांचा सांभाळ करायचे नळीमास्तर. माणूस सज्जन, फक्त यंत्राला कोणी नाव ठेवलं की बिनसायचं.

"यंत्र चुकत नाही," चौकशीबाई आत पाऊल टाकतात तोच ते म्हणाले.

"मी कुठे काय म्हटलं?"

"म्हणणार होतात. सगळे म्हणतात. दर सोमवारी नळी धुतो मी. तुमच्या चहाच्या कपापेक्षा स्वच्छ आहे."

त्यांनी आकड्यांचा तक्ता दाखवला. रांगेत तास आणि मिनिटं, पुढे ओझोन, त्यापुढे धुरातला वायू, त्यापुढे तापमान. चौकशीबाईंना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण रजिस्टरं त्यांनी आयुष्यभर वाचली होती. त्यांचं बोट आपोआप एका जागी थांबलं.

"ही घरं रिकामी का?"

"कुठली? हां, धुराची. काही नाही ते, गाळलेलं आहे."

"गाळलेलं म्हणजे?"

"आकडा एकदम उडी मारून वर गेला, तर यंत्रात बिघाड आहे असं धरून कॉम्प्युटर तो गाळतो. नियमच आहे. गाळून उरलेला स्वच्छ तक्ता वर जातो. तुमच्या जाऊबाईंना, साहेबांना, सगळ्यांना."

चौकशीबाईंनी पानं उलटली. सोमवार, एक दहा ते अडीच, धुराची घरं रिकामी. मंगळवार, तीच वेळ, रिकामी. बुधवार भरलेली. गुरुवार पुन्हा रिकामी.

"आत्ताच म्हणालात, यंत्र चुकत नाही."

"नाहीच चुकत!"

"मग बिघाड धरून आकडे का गाळता?"

नळीमास्तर तक्त्याकडे नव्यानं बघू लागले. इतक्या वर्षांत हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. ज्याच्या पायांचे ठसे शोधायचे, तेच ठसे रोज पुसून, फरशी लखलखीत करून हे लोक कागद वर पाठवत होते, आणि वर बसलेली धाकटी त्या लखलखीत कागदावर स्वतःची चूक शोधत होती.

"गाळलेले आकडे जातात कुठे?"

"यंत्राच्या पोटात राहतात. कोणी मागत नाही."

"मी मागतेय."

नळीमास्तरांनी बटणं दाबली. पट्टी खरखरत बाहेर आली. धुराचा वायू: तीन. चार. तीन. चारशे बारा. तीनशे अठ्ठ्याण्णव. चारशे तीस. तासभर असेच, मग पुन्हा चार.

"अरे देवा," नळीमास्तर म्हणाले. "बाई, हा बिघाड नाही. हा ताजा धूर आहे. कोणीतरी रोज इथे, या नळीच्या अगदी तोंडाशी येऊन, तासभर धूर सोडतंय."

५

त्या संध्याकाळी धाकटी जेवायला तयार नव्हती. चौकशीबाईंना सगळं सांगून टाकावंसं वाटत होतं, पण तपास पुरा होण्याआधी संशयिताला काही सांगायचं नाही, हा नियम त्यांनी शिडीच्या वेळीही पाळला होता. शेवटी त्या नवऱ्याला म्हणाल्या, "तिला सांगा, उपाशी राहून काही होत नाही." नवऱ्यानं सांगितलं. धाकटीनं दोन घास खाल्ले.

शुक्रवारी एक वाजता चौकशीबाईंनी धाकटीला, मोजणीदाराला आणि नळीमास्तरांना पत्र्याच्या खोलीत उभं केलं. चौघांना पुरेल इतकी जागा नव्हती. मोजणीदार दारातच अडकून राहिला.

"आकडे वाचा," त्या म्हणाल्या.

"ओझोन चौऱ्याहत्तर," नळीमास्तर म्हणाले. "शहात्तर. अठ्ठ्याहत्तर."

बाहेर घुर्र असा बारीक आवाज सुरू झाला. घड्याळात एक दहा.

"एकोणऐंशी. अरे! एक्केचाळीस. बारा. पाच!"

"चला," म्हणत चौकशीबाईंनी मोजणीदाराला बाहेर ढकललं.

खोलीच्या मागच्या बाजूला, आवारातल्या एकुलत्या एका दाट झाडाच्या सावलीत, साहेबांची जुनी डिझेल गाडी उभी होती. काचा वर, पडदे ओढलेले, इंजिन चालू. धुराची नळी बरोबर खोलीकडे तोंड करून. बाजूला उपड्या बादलीवर बसून ड्रायव्हर वर्तमानपत्रानं वारा घेत होता. 'येथे वाहन उभे करू नये' या बोर्डावर त्यानं गाडी पुसायचं फडकं वाळत घातलं होतं.

चौघांना बघताच त्यानं ओठांवर बोट ठेवलं. "शू! साहेब झोपलेत."

"इथे? कधीपासून?" चौकशीबाईंनी कुजबुजत विचारलं.

"पोर्चला रंग सुरू झाला तेव्हापासून. अठरा दिवस. आधी पोर्चमध्येच डोळा लागायचा त्यांचा."

"कॅबिन आहे की त्यांना!"

"काचेची आहे ना, बाई. तिथे झोपणार कसं?"

"आणि इंजिन कशाला?"

"एसीला. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, साहेब, हा बोर्ड आहे इथे. तर म्हणाले, एका गाडीनं काय होतंय."

धाकटीनं चौकशीबाईंचा दंडच धरला. "जाऊबाई! ओझोन कुठे गेलाच नव्हता हो! हा धूर त्याला नळीच्या तोंडाशी खात होता. बाहेर सगळीकडे तो आहे तितकाच आहे. माझं मॉडेल चार किलोमीटरचा चौकोन बघतं, त्याला ही गाडी दिसतच नाही. आणि यंत्राला या गाडीशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. दोघंही खरं बोलत होते!"

ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आठ महिन्यांत ती पहिल्यांदाच आपणहून थोरलीशी बोलत होती.

"चावी फिरवा," चौकशीबाई ड्रायव्हरला म्हणाल्या.

"नोकरी जाईल माझी."

"नाही गेली तर हिची जाईल. फिरवा."

ड्रायव्हरनं श्वास रोखून दार उघडलं आणि चावी फिरवली. घुर्र थांबलं. खोलीत परत धावलेले नळीमास्तर तिथून ओरडू लागले, "अठरा! चाळीस! त्रेसष्ट! एक्याऐंशी!" तेवढ्यात गाडीचा पडदा सरकला, काच खाली आली आणि घामाघूम साहेबांचं डोकं बाहेर आलं.

"इंजिन कोणी बंद केलं?"

"ओझोन सापडला, साहेब," चौकशीबाई म्हणाल्या. "एक्याऐंशी आहे. मॉडेल ब्याऐंशी म्हणालं होतं."

साहेबांनी चौघांकडे पाहिलं, बोर्डाकडे पाहिलं, फडक्याकडे पाहिलं. हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं.

"अहवालात माझं नाव टाकायची गरज आहे का?"

"नावाची नाही. गाडीचा नंबर टाकणार आहे."

साहेब गाडीतून उतरले आणि सदऱ्याची बटणं लावत शांतपणे म्हणाले, "मग माझंही ऐका. तपास करणारी तिची जाऊ आहे, एवढं मी समितीला सांगितलं की तुमचा अहवाल रद्दीत जाईल. विचार करा."

६

चार वाजता समिती बसली. मधल्या खुर्चीत अध्यक्षबाई, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी अहवालाची दोन पानं वाचली, दोन्ही रेघा पाहिल्या, नळीमास्तरांच्या पट्ट्या पाहिल्या. साहेब खाकरले.

"एक नोंद घ्यावी, मॅडम. तपास अधिकारी आणि मॉडेल करणाऱ्या बाई नात्यातल्या आहेत."

"खरं आहे?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"धाकटी जाऊ आहे माझी," चौकशीबाई म्हणाल्या. "एकाच घरात राहतो."

"मग हा अहवाल आम्ही मानायचा कसा? घरच्या माणसानं घरच्या माणसाला सोडवलं, असंच कोणीही म्हणेल."

धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. चार वर्षं आता एका वाक्यावर येऊन टेकली होती.

"तिसरं पान उघडावं," चौकशीबाई म्हणाल्या.

अध्यक्षबाईंनी पान उलटलं आणि मोठ्यानं वाचू लागल्या. "तपास सुरू करताना अधिकाऱ्याची पक्की खात्री होती की दोष सदर कर्मचाऱ्याचाच आहे. उभयतांचं आठ महिने बोलणं नाही. त्यांच्याविरुद्ध एक जरी पुरावा मिळाला असता, तरी अधिकाऱ्यास आनंद झाला असता. असा पुरावा मिळवण्याचा मनापासून प्रयत्न केला. मिळाला नाही."

समितीतलं कोणीतरी फिसकन हसलं. अध्यक्षबाईंनी चष्मा वर सरकवला आणि पुढे वाचलं. "सदर कर्मचारी पंधरा दिवस फक्त स्वतःवर संशय घेत होत्या. अधिकाऱ्यानंही फक्त त्यांच्यावरच घेतला. दोघींचंही चुकलं."

धाकटी टेबलाकडे बघत होती.

"इतका प्रामाणिक अहवाल मी अजून वाचलेला नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आता एकच प्रश्न राहिला. या नंबरच्या गाडीत कोण होतं?"

दाराशी उभा असलेला ड्रायव्हर पुढे आला. "मी होतो, मॅडम. दुपारी मीच झोपतो गाडीत. साहेबांना काही माहीत नाही."

धाकटी सुटत होती, पण हा माणूस बुडत होता. चौकशीबाई उठणार, इतक्यात साहेबच उठले. त्यांचे कान लालबुंद झाले होते.

"नाही," ते म्हणाले. "तो खोटं बोलतोय. झोपत मी होतो. त्यानं पहिल्याच दिवशी बोर्ड दाखवला होता मला, मीच ऐकलं नाही. आणि हा गोंधळ माझा असूनही मी या बाईंवर चौकशी लावली."

"रोज झोपत होतात?"

"बुधवार सोडून. बुधवारी मुख्यालयात आपली बैठक असते."

"बुधवारी तुम्ही कुठे झोपता ते मला माहीत आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या. "मी समोरच बसलेली असते."

यावर साहेबसुद्धा हसले. दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मग अध्यक्षबाईंनी भराभर निर्णय सांगितले. मॉडेल कायम, कक्ष कायम, धाकटीवरची तक्रार रद्द. धुराचे गाळलेले आकडे यापुढे माणसानं बघितल्याशिवाय गाळायचे नाहीत. मोजणीदारानं पुलाच्या दोन्ही बाजूंना बसायचं. साहेबांनी काय करायचं, ते त्या त्यांना एकट्याला सांगणार होत्या.

बाहेर जिन्याशी धाकटीनं चौकशीबाईंना गाठलं.

"खरंच आनंद झाला असता तुम्हाला? मी सापडले असते तर?"

"गुरुवारी सकाळी झाला असता," चौकशीबाई म्हणाल्या. "मग तू म्हणालीस, बावीस वेळा चालवलं, आणि माझा जीव कळवळला बघ. तेव्हापासून नीट रागावताही येईना. माझं चुकलं गं. एवढं काम करतेस, आणि मी एकदा विचारलंसुद्धा नाही की करतेस काय."

नेमका त्याच वेळी चौकशीबाईंच्या पर्समधला फोन वाजला. त्यांचे यजमान. उद्या दुपारी मित्रांबरोबर टेकडी चढायचा बेत ठरलाय, डबा करून देशील का, असं विचारत होते.

चौकशीबाईंनी फोनवर हात धरला. "उद्या दुपारी टेकडीवर किती?"

"पंच्याण्णव," धाकटी म्हणाली. "बारा ते चार. फार वाईट आहे उद्या."

"अहो, ऐका," चौकशीबाई फोनमध्ये म्हणाल्या. "उद्या टेकडी नाही. दुपारी घराबाहेर पडायचंच नाही. ऊन म्हणून नव्हे हो, हवा वाईट आहे. कोण म्हणतं म्हणजे? आपली धाकटी म्हणते. नाही, मी नाही सांगणार समजावून. ती इथेच उभी आहे, तिलाच विचारा."

आणि त्यांनी फोन धाकटीच्या हातात दिला.